झुरिकची सवाष्ण

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नखं काढणं. तिला वाकवत नव्हतं, म्हणून तिच्या पायाची नखं मीच काढायचो. लंडनजवळ हॅरोला आमच्या घरी मागच्या दाराशी ऊन येतं, तिथे ती खुर्चीवर आणि मी खाली पाटावर.

"आज शनिवार आहे. शनिवारी नखं काढत नाहीत," ती म्हणाली.

"शनीला आपला पोस्टकोड माहीत नाही. पाय इकडे कर."

"हळू. पाव कापताय काय?"

माझी सगळी नोकरी पावाच्या कारखान्यात गेली, म्हणून हा टोमणा. सोमवारी आम्ही विमानाने झुरिकला जाणार होतो. आमची एकुलती एक लेक तिथे बँकेत आहे. ती फोनवर तिथलं तळं दाखवायची. ऑफिस सुटलं की बँकेतली माणसं कोट झाडाला अडकवतात आणि सरळ पाण्यात उतरतात. हिने ते बघितलं आणि ठरवून टाकलं, मी पण पोहणार. माहेरच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेली बाई, लग्नानंतर कधी पाण्यात उतरली नव्हती. पोहायचा गुडघ्यापर्यंतचा झगा आणला. पाय लोकांना दिसणार, म्हणून नखं.

त्याच संध्याकाळी ती गेली. छातीत कसंतरी होतंय म्हणाली. अँब्युलन्स लगेच आली. तरी गेली.

वर्षश्राद्ध झालं. मग लेकीने हट्टच धरला, "बाबा, आता या. एकटे किती बसणार?" तिकीट तिनेच काढलं आणि सप्टेंबरात मी झुरिकला पोचलो.

गाव मला आवडलं, खोटं कशाला सांगू. कुणी धावत नाही. ट्राम वेळेवर येते, त्यामुळे धावायची गरजच नसेल. चौकाचौकात दगडी कारंजी, त्यांचं पाणी सरळ प्यायचं. बँकेत एवढा पैसा ठेवलेला म्हणतात, पण माणसं दुपारी बाकावर बसून सफरचंद खातात. हिला हे पटलं नसतं. "यांना कामं नाहीत का?" म्हणाली असती आणि मग स्वतःही बसली असती.

एका सकाळी हॅरोहून मराठी मंडळातल्या वहिनींचा फोन आला. "भावोजी, परवा अविधवा नवमी. सवाष्ण कुणाला सांगितलीय?"

 तिथ्या सगळ्या ही बघायची. मला दिवाळीसुद्धा ती फराळाला लागली की कळायची. बायको नवऱ्याच्या आधी गेली तर पितृपंधरवड्यातल्या नवमीला तिच्या नावाने एक सवाष्ण जेवू घालायची आणि ओटी भरायची. ती जेवली की आपली जेवली. मी देवधर्मातला माणूस नाही. पण जन्मभर तिने मला वाढलं, मी तिला कधी पान वाढलं नाही. ही एक संधी होती, आणि मी परमुलखात बसलो होतो.

लेक म्हणाली, "बाबा, आज तळ्यावर जायचं ना?"

"आधी तुझ्या आईचं जेवण. मग तळं."

लेकीचं लग्न झालेलं नाही, तेव्हा ती चालत नव्हती. तिच्या मैत्रिणी सगळ्या एकट्या नाहीतर नुसत्या सोबत राहणाऱ्या. स्टेशनजवळ एका तमिळ माणसाचं दुकान आहे. तिथे हरभऱ्याची डाळ, गूळ, नारळ सगळं मिळालं. त्याची बायको गल्ल्यावर होती, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी इंग्रजीत विचारलं, जेवायला याल का? ती हसली. "अंकल, मी आले तर दुकान हे चालवणार? ह्यांना कोथिंबीर आणि पुदिना कळत नाही." नवरा मान खाली घालून पिशवी भरत होता.

मग मला लेकीच्या खालच्या मजल्यावरची बाई आठवली. सत्तरीची असेल. रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून तळ्यावर पोहायला जायची आणि जिन्यात भेटली की मला काहीतरी बोलायची. मी मान डोलवायचो.

"त्या बाईंना विचार," मी लेकीला म्हटलं, "नवरा आहे का."

"बाबा! असं नाही विचारत इथे. भयंकर रूड वाटेल."

"मग मी बघतो."

संध्याकाळी जिन्यात भेटली तेव्हा मी तिच्या हाताकडे नीट बघितलं. एका बोटात दोन अंगठ्या, दोन्ही सोन्याच्या. एक अंगठी म्हणजे लग्न झालेलं, एवढं विलायतेत राहून मला कळतं. इथे तर दोन. म्हटलं, पक्की सवाष्ण. लेकीने तिला जेवायला बोलावलं. ती आनंदाने हो म्हणाली.

नवमीला कणीक मी तिंबली. पीठ माझ्या हाताला कळतं. पुरण लेकीने मोबाइलवर बघून शिजवलं. "बाबा, ही डाळ मऊ झाली का?" दर पाच मिनिटांनी. पोळ्या मी लाटल्या, दोन फुटल्या. हिच्या आवडीची गवारीची भाजी राहिली, गवार कुठे मिळाली नाही. पान वाढलं. बाई आली, बरोबर स्वतःच्या कुंडीतल्या फुलांचा गुच्छ. लेकीने तिला कुंकू लावलं, ओटीत तांदूळ, नारळ आणि खणाऐवजी स्वतःचा नवा रुमाल घातला. बाईने सगळं मांडीवर धरून ठेवलं, जरासुद्धा सांडू दिलं नाही.

जेवता जेवता लेक तिला समजावत होती की हे जेवण आईच्या नावाचं आहे. बाई खायची थांबली. बोटातली एक अंगठी फिरवत जर्मनमध्ये काहीतरी सांगू लागली. लेकीचा चेहरा उतरला.

"काय म्हणते?"

"बाबा... ही दुसरी अंगठी तिच्या नवऱ्याची आहे. तो गेल्यापासून ती घालते. इथे असं करतात."

पोळपाट समोर होता, मी त्याच्यावरचं पीठ हाताने गोळा करत राहिलो. दोन अंगठ्या बघून मी तिला दुप्पट सवाष्ण ठरवलं होतं. विधवा बाईच्या कपाळी मी लेकीकडून कुंकू लावून घेतलं होतं, ओटी भरून घेतली होती. नवमी पुन्हा वर्षाने. आमची ही उपाशीच राहिली, असं एकदम वाटलं.

"आता काय करायचं?" लेक हळूच म्हणाली. "चालत नाही ना? कुंकू पुसायला सांगू का?"

बाईला काही कळलं नव्हतं. तिने ताट पुढे केलं आणि बोटाने दाखवलं, अजून एक पोळी. दूध घालून खात होती, कुणी न शिकवता. तिला भूक होती. आमची ही कुणाला पंगतीतून उठवणारी बाई नव्हती. ईस्टर असो नाहीतर पाडवा, आमच्या दारात आलेला पोस्टमनसुद्धा खाऊन गेलेला आहे.

"राहू दे कुंकू," मी म्हटलं. "तिला तूप वाढ. वरून, भरपूर."

बाईने ती पोळी पूर्ण खाल्ली. मग तिने विचारलं, तुमची बायको कशी होती? लेक सांगू लागली आणि सांगता सांगता रडली. वर्षभरात मी तिला रडताना बघितलं नव्हतं. बाईने तिचा हात धरला, दोन अंगठ्यांच्या हाताने. मी उठून ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कामावर गेली. बाई जिना उतरत होती. मला बघून तिने तळ्याच्या दिशेने हात केला, येताय का? मी बूट घातले.  तळ्यावर धुकं होतं आणि पाण्यात दोन-चार डोकी. तिने चष्मा काढला, टॉवेल घडी करून माझ्या हातात दिला आणि शिडीवरून उतरली. मी काठच्या फळीवर बसलो. ती दूर जात होती, मी बघत होतो. ती परत येईपर्यंत मी तिचा टॉवेल कोरडा ठेवला.