हापशावरचा कॅमेरा

पिंगळीच्या स्टेशनात परभणीकडं जाणारी पॅसेंजर शिरली आणि मला रडू फुटलं. मायनं माझा दंड घट्ट धरला. "रडू न्हाई बाई. लोकं बघायलेत." लोकं म्हणजे भाजीचं पोतं घेऊन बसलेली एक म्हातारी आणि बाकावर आडवा झालेला एक माणूस. पण माय जन्मभर याच लोकांना भिऊन वागत आलेली. आप्पा, म्हणजे माझे वडील, नुसते रुळांकडं बघत उभे होते. गाडी हलल्यावर खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "कुनाच्या दाबात राहू नको."

परभणीहून पुणं, कॉम्प्युटरची पदवी, नोकरी आणि मग बर्लिन. पुण्याचं मला सगळ्यात आधी काय आवडलं ते सांगते. चौकात एकटीनं उभं राहून वडापाव खाल्ला आणि कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. गावात माझं हसणं संध्याकाळपर्यंत चार घरी पोचायचं. इथं मी कुणाचीच बातमी नव्हते. भाकरीची आठवण येऊन रोज रडत होते, तरी तो मोकळेपणा सोडून परत जावं असं एकदाही वाटलं नाही.

त्याच मोकळेपणापायी पुढं डिजिटल हक्कांच्या नादी लागले. आपलं बोलणं, आपला चेहरा, आपलं येणंजाणं यांची नोंद आपल्याला न विचारता कुणी ठेवू नये, एवढंच ते म्हणणं. त्यासाठी सुटी काढून ब्रसेल्सला, लिस्बनला परिषदांना जाते, गळ्यात बिल्ला अडकवून भांडते. बर्लिनमध्ये लोकांनी इंटरनेटच्या नकाशावरचे आपल्या घरांचे फोटोसुद्धा धूसर करून घेतलेत. माय गावात सांगते, "पोरगी मोबाईलच्या भांडनात असती." ऐकणारे समजून घेतल्यासारखी मान हलवतात.

गाव सोडून गेलेल्या माझ्या भावाबहिणींनो, आपला तो व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तुम्हाला माहीतच आहे. चाकणला असलेल्या बालाजीदादानं कल्पना काढली, की आपण सगळ्यांनी मिळून गावाला कॅमेरा भेट द्यायचा. चौकातल्या खांबावर तो बसला. त्यात पार दिसायचा, महादेवाच्या देवळाची पायरी दिसायची आणि हापसा दिसायचा. पाण्याच्या मोटारी चोरीला जातात म्हणून बसवला, पण खरं कारण तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आपल्याला गाव बघायचं होतं. सेटिंग मी बर्लिनमधून करून दिली. ग्रुपमधल्या सगळ्यांना मोबाईलवर दिसायचं, मुख्य पासवर्ड मात्र माझ्याकडंच होता.

काय सुख होतं ते! मी उठायचे तेव्हा तिकडं ऊन चढलेलं असायचं. हापशावर दुसऱ्या खेपेच्या बायका जमलेल्या, शेळ्या कठड्याला अंग घासायलेल्या. त्यात माय दिसायची. घागर भरली तरी निघायची नाही, कमरेवर हात ठेवून बोलत राहायची. मी इकडं कॉफी पीत तिला बघायचे आणि कामाला लागायचे.

मग माय दिसेनाशी झाली. फोनवर विचारलं तर म्हणाली, "बरी हाय की. कामून?" हळूहळू बाकीच्या बायकाही दिसेनात. मला वाटलं, हापसा बिघडला.

नाताळच्या सुटीत गावी गेले. माय ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून घागर घेऊन येत होती. गुडघा सुजून टम्म झालेला, दर चार पावलांना थांबत होती. मी धावत जाऊन घागर घेतली आणि विचारलं, "हापसा मोडला का?"

"हापसा चांगला हाय. पर तितं तुमी बघता की."

मग सगळं कळलं. आमच्या शेजारची शोभावहिनी हापशावर जरा जास्त वेळ हसत उभी होती. कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, खाली हसरे चेहरे. तिचा नवरा पुण्याला असतो, तोही ग्रुपवर. त्यानं फोन करून विचारलं, "इतका येळ कुनासंगं बोलायलीस?" ती त्या दिवसापासून विहिरीवर जायला लागली. एकटीला ओढा ओलांडू कसं द्यायचं, म्हणून बाकीच्याही तिच्यासोबत. तो फोटो मी पाहिला होता. रोजच्या ढिगातला एक म्हणून पुढं सरकवला होता.

घरी आल्यावर मायचं लक्ष माझ्या लॅपटॉपकडं गेलं. वरच्या कॅमेऱ्यावर मी टिकली चिकटवलेली असते.

"हे कशाला?"

"कुणी आपल्याला बघू नये म्हणून."

माय गुडघ्याला तेल चोळत होती. "तुझा झाकतीस," ती म्हणाली, "आन आमचा उघडा ठिवतीस." आवाज चढवला नाही. मला मात्र जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेले आणि एकेकीला विचारलं. कॅमेरा हवा असं एकही म्हणाली नाही. तो बसवताना त्यांना विचारलंच नव्हतं. ग्रुपवर तसं लिहिलं आणि पासवर्ड बदलून टाकला. बालाजीदादाचा फोन आला. "गावच्या भल्याचं केलं होतं ना? आन मोटारी चोरीला गेल्या तर?" मी म्हटलं, दादा, मोटारी शेतात असतात, कॅमेरा हापशावर आहे. पुन्हा बसवायचा असेल तर ग्रामसभेत बायकांना विचारून बसवा, मी स्वतः येऊन जोडून देईन. सरपंच म्हणाले, "तुमीच दिला, तुमीच काढा." वायरमनला बोलावून काढला. त्याच संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सणावाराचे फोटो नाहीत, कोण वारलं तेही उशिरा कळतं. पण माझी भूमिका बदललेली नाही. आपण गाव सोडलं ते पोटासाठी खरं, पण कुणाची नजर नाही असं जगणं आपल्याला त्यातूनच मिळालं. ते आपण मिळवायचं आणि मागं राहिलेल्यांवर मात्र नजर ठेवायची, याला मी प्रेम म्हणणार नाही. तुमच्यातल्या कुणाला राग असेल तर मला सरळ फोन करा.

माझं गाव आता मला दिसत नाही. काल सकाळी उठून मायला फोन लावला. बराच वेळ वाजला, उचलला नाही. थोड्या वेळानं पुन्हा लावला. तेव्हाही नाही. दुपारी तिचाच आला, दमलेली होती आणि खुशीत होती.

"कुठं होतीस?" असं ओठावर आलं होतं. मी विचारलं नाही.