दहापैकी साडेनऊ

परळच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रॅक्टिकलच्या खोलीची साफसफाई करायला एक मावशी होत्या. राहायला लालबागला, बोलणं मालवणी वळणाचं. मॅडम शिकवत असल्या की नेमकी दाराजवळची फरशी मळलेली असायची. एकच लादी चार-चार वेळा पुसत मावशी ऐकत राहायच्या. आम्ही नवख्या मुली पलंगावरच्या डमीला, म्हणजे सरावासाठी ठेवलेल्या पेशंटच्या पुतळ्याला, मुकाट्याने कुशीवर वळवायचो आणि 'पेशंटला आधी सांगायचं असतं' अशी मॅडमची बोलणी खायचो. मावशी मात्र धूळ पुसतानाही डमीला सांगायच्या, "आजी, जरा हात उचलतंय हां."

एका दुपारी आमची परीक्षा आटोपल्यावर त्यांनी मला थांबवलं. "माझी पण परीक्षा घे गो. मॅडम घेतात तशी, कागद घेऊन."

डमी पलंगावर असतानाच त्यांनी चादर बदलली. कुठे सुरकुती नाही, कोपरे चोख. फक्त उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे राहिलं. ते दाराच्या उलट बाजूला लागतं. पूर्ण मार्क द्यावेत असं फार वाटलं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. दया म्हणून दिलेले मार्क कसे टोचतात ते मला ठाऊक होतं. मी साडेनऊ लिहिले आणि उशी दाखवली.

"अर्धो कापलंस? बरा केलंस." त्यांनी उशी फिरवली. "पास ना पण?"

"वर्गात पहिल्या."

त्यांनी बादली उचलली, दारापर्यंत गेल्या आणि वळून विचारलं, "मग दुसऱ्या वर्षाक काय असता गो?"