फुलचूर ते नागपूर, मांडीवर गरम भात

फुलचूरहून सकाळी ऑटोत बसले तेव्हा माझ्या मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेला डबा होता. आत वाफाळता भात आणि लाखोरीचं (आमच्याकडची एक डाळ) वरण. तुम्ही म्हणाल, नागपुरात काय जेवण मिळत नाही? मिळतं हो. पण हा डबा खायला नव्हता, परीक्षेला होता.

सांगते. माझी सून सुषमा, तिला नागपूरच्या एका ऑफिसात नोकरी लागली. रोज गोंदियाहून अप-डाऊन करायचं, तिकडे खोली करायची, की नोकरीच सोडायची, हे तिला कागदपत्रं देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं. मुलगा दिनेश म्हणे, "आई, तू ठरव." सुषमाही म्हणे, "तुम्हीच ठरवा." मला ती घरीच हवी होती, खोटं कशाला बोलू. कागदपत्रं द्यायला ती निघाली, तशी मीही निघाले.

पूर्वी लांबची बांधी (भातखाचर) कसायला घ्यायची असली, की माझे सासरे आधी मला डोक्यावर शिदोरी देऊन तिथवर चालायला लावत. भात गरम पोहोचला तर शेत घ्यायचं, निवला तर सोडायचं. तोच नियम मी रेल्वेला लावला.

गोंदियाला गाडीत चढलो, तशी रोज ये-जा करणाऱ्या बायांनी सरकून जागा दिली. तिरोड्याला ललिताबाई चढल्या. अंगाने भारदस्त, आवाजाने त्याहून.

"मावशी, कुठं जाऊन राहिल्या?"

"सुनेचं अप-डाऊन पाहाले."

"तुम्ही काऊन पाहता? जायचं त तिले आहे न!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण बोल लागला खरा.

बाहेर धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) ढीग, बोड्यांवर (लहान तळ्यांवर) धुकं. वैनगंगेचा पूल ओलांडला मात्र, धडाधड डबे उघडले. गाडीच्या या डब्यातला तो नेमच आहे. मी माझा डबा पोटाशी धरला आणि परीक्षेची गोष्ट सांगितली.

"भात गरम आहे का ते आताच पाहून घेऊ न मावशी," ललिताबाई म्हणाल्या, "दुपारचं कोणाले माहीत!"

तुमसर यायच्या आत डबा हातोहात रिकामा. बदल्यात तांदळाची भाकर, ठेचा आणि आवळ्याचं लोणचं माझ्या हातावर आलं. माझी परीक्षा बायांनी खाऊन टाकली म्हणून सुषमाला हसता हसता ठसका लागला. घरात तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

नागपूरला उतरताना माझी एक चप्पल रुळांवर पडली. एका हमालदादाने काठीने काढून दिली, वर म्हणाला, "अम्मा, दूसरी भी दे दो, साथ में घूम आएगी." ऑफिसात मी दाराजवळच्या बाकावर बसले. आत सुषमा साहेबांशी बोलत होती. ताठ उभी, मोकळा आवाज. नोकरी सोडायची गोष्ट मी त्या बाकावरच सोडून आले.

संध्याकाळच्या गाडीत त्याच बाया, पण सगळ्या पेंगत होत्या. गाडी मध्येच कुठेतरी थांबली, थांबूनच राहिली. सुषमाची मान माझ्या खांद्यावर पडली. डोळे मिटलेलेच, आणि म्हणते, "आई, घरी वांगे आहेत न? गेल्यावर पटकन भाजी टाकते."

मला एकदम आठवलं. बांधीवरून मी रिकामा गंज (शिदोरीचं पातेलं) घेऊन परत यायचे आणि आल्या पावली चूल पेटवायचे. जाताना भात गरम राहिला का, हे सासऱ्यांनी दरवेळी विचारलं. येतानाचं कोणीच विचारलं नाही. रिकामा गंज भरल्यापेक्षा जड लागायचा.

गाडी हलली, तिरोडा जवळ आलं. मी सुषमाचा फोन घेऊन दिनेशला लावला.

"भात टाक. वांग्याची भाजी कर."

"मी?"

"नाही, शेजाऱ्याले बोलाव! मंग कोण?"

"पाणी किती टाकू?"

"तांदळाच्या वर बोटाचं एक पेर."

"नवा तांदूळ असन त कमी सांगा!" ललिताबाई ओरडल्या. दुसरी म्हणाली, "मीठ विसरन तो!" तिसरीने वांगी मिठाच्या पाण्यात चिरायला सांगितली. पेंगुळलेला सगळा डबा माझ्या पोराला सैपाक शिकवायला जागा झाला.

मी सुषमाला विचारलं, "रोज असं असलं त करशील अप-डाऊन?"

"करन. पण आई, रोज म्हणजे रोज."

"रोज," मी म्हटलं. ललिताबाई उतरता उतरता म्हणाल्या, "मी साक्षीला आहे बरं!"

घरी पोहोचलो तर दिनेश खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा, जसा काही पाहुणा आम्हीच. मी सुषमाला हात धुवून बसवलं आणि त्याला वाढायला लावलं. पाणी जास्तच झालेलं, भात पार गिचका. मीठही विसरला होता. सुषमाने पहिला घास घेतला आणि तोंड भाजलं म्हणून हात हलवू लागली.

सासऱ्यांचा नियम मोडला नाही मी. भात गरम होता, शेत घेतलं.