मामांचा नारळ आणि पोटातलं पाणी

जगात जे जे बिघडतं ते पाण्यामुळंच बिघडतं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस पृथ्वीतलावर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं प्राक्तन. तामलवाडीच्या पंचक्रोशीत मामा पाणाड्या म्हणून प्रसिद्ध आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि दुसऱ्याच्या शेतातून अनवाणी हिंडायचं. नारळ उभा राहिला की तिथं बोर घ्यायचा. पाणी लागलं तर मामांची विद्या, नाही लागलं तर मशीनवाल्यानं चप्पल घालून नारळ फोडला म्हणून. एकाचा बोर ठणठणीत कोरडा गेला, तेव्हा मामा त्याला म्हणाले होते, "पानी व्हतं की. तुमच्या मशीनीच्या आवाजानं पळालं." ही विद्या माणसानं शेतातच ठेवावी की नाही? पण शेजाऱ्याचं डोकं दुखलं तरी पाणी, कुणाच्या नवराबायकोचं पटेना तर रांजणाची जागा चुकली. माझी परंड्याला बदली झाली तेव्हा मला म्हणाले, "जावई, तुमच्या घराखालनं वाहतं पानी हाय. मानूस टिकायचाच न्हाय तिथं." त्या घराच्या नळालासुद्धा कधी धड वाहतं पाणी आलं नाही, पण मामांपुढं कोण बोलणार!

अशा माणसाच्या घरात सुनेला पाचवा महिना लागला आणि सोलापूरच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करून म्हणाल्या, "बाळाभोवतीचं पाणी कमी आहे." त्या पुढंही बरंच काही बोलल्या, पुन्हा नीट तपासू म्हणाल्या; पण मामांनी तेवढंच ऐकलं. आपल्या खात्याचं काम आपोआप घरी चालून आलं, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता. स्वातीला, म्हणजे सुनेला, त्यांनी तांब्यामागून तांब्या पाणी पाजायला सुरुवात केली. बिचारी रडकुंडीला आली. एवढ्यावर भागेना म्हणून एका दुपारी तिला बाजेवर निजवून हे गृहस्थ नारळ घेऊन बाजेभोवती फिरू लागले. दुर्दैवानं मी तिथं हजर होतो. नारळ उभा राहिला. तो मामांच्या घरात कधी उभा राहत नाही? "हाय! पानी लई हाय," मामा ओरडले, "पर खाली अडकलंय."

पुढच्या तपासणीला मामा आणि स्वातीसोबत मीच सोलापूरला गेलो. बाईंनी समजावून सांगितलं, की बाळाभोवतीचं हे पाणी म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी. या बाळाच्या लघवीची वाट पडद्यासारखं काहीतरी आडवं येऊन बंद झालीय, त्यामुळं मूत्राशय फुगलंय आणि दोन्ही मूत्रपिंडांवर ताण येतोय. बाहेर पाणी नसलं तर फुफ्फुसंही नीट वाढत नाहीत. पुण्याला जाऊन, पोटात असतानाच बाळाच्या मूत्राशयात बारीक नळी बसवून लघवीला वाट देता येते का बघावं लागेल, आणि लवकर.

"म्हंजी लेकरू मुतातच बसल्यालं असतंय?" मामांनी विचारलं.

"सगळीच असतात. तुम्हीही होता," बाई म्हणाल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

पण मामांना अपमान कळतो कुठं! लघवी अडकलीय हे कानावर पडताच त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "जावई, म्या काय म्हनलं व्हतं?" कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती, तीही माझ्यासमोर. गावात उतरल्यापासून एसटी स्टँडवर, चहाच्या गाड्यावर, न्हाव्याकडं, सगळीकडं मामांनी डॉक्टरीणबाईंच्या आधी आपल्या नारळानं रोग ओळखल्याची वार्ता पोचवली. इथवर मी हसलो असतो. पण त्याच तोऱ्यात त्यांनी निकालही देऊन टाकला: पुण्याला जायचं नाही. "पानी हाय म्हनल्यावर आज ना उद्या येतंयच. एवढ्याशा जिवाला सुया टोचायच्या?" त्यांचा मुलगा जन्मापासून बापापुढं मान हलवत आलेला, त्यानं याही वेळी हलवली. तिकडं एकेक दिवस त्या बाळाची मूत्रपिंडं खात होता. मामांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

भाकरी थापता थापता स्वाती उठली. सासऱ्यापुढं तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"मामंजी, बोर फेल गेला तर तुमी बांधापल्याड दुसरी जागा दावता. माझ्या लेकराला दुसरी जागा कुठंय?"

मामांनी पायात चपला सरकवल्या. मग पोराला म्हणाले, "गाडी सांग."

पुण्यात आधी सुईनं बाळाची लघवी काढून तपासली, मूत्रपिंडांत जीव आहे असं दिसलं, मग नळी बसली. "नळी उताराला धरा म्हनावं," असा निरोप मामांनी आतल्या डॉक्टरांना नर्सबरोबर पाठवला होताच. दिवस भरत आल्यावर मुलगा झाला. थोड्या दिवसांनी दुर्बिणीतून तो पडदा कापला, आणि डॉक्टर म्हणाले, आता लघवीची धार कशी पडते त्याकडं लक्ष ठेवा.

लक्ष ठेवायला मामा बसले. सकाळी मी दवाखान्यात चहा घेऊन गेलो, तर हा बडबड्या माणूस नातवाला मांडीवर उघडाच घेऊन टक लावून बसलेला. एवढ्यात पोरानं धार सोडली, ती थेट मामांच्या छातीवर. आता नारळाची महती ऐकावी लागणार म्हणून मी तयारीत राहिलो.

"म्या काय केलं न्हाय, जावई," मामा हळूच म्हणाले. "उलट आडवाच आलो व्हतो."

सदरा पुसायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. एक मूत्रपिंड जरा कमजोरच राहिलंय, पोर मोठं होईस्तोवर तपासत राहावं लागेल, हे डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. मामांनी पोराच्या पोटावरून हात फिरवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "मोठं म्हंजी मिसरूड फुटंस्तोवर का? तवर म्या कुठला, व्हय?"

 मी चहा त्यांच्यापुढं धरला. तो त्यांनी घेतला नाही. हात पोराच्या पोटावरून काढावा लागला असता.