सूपभर कोंडा

तिरोड्याच्या बसस्टँडमागची ती खोली आता मोबाईलच्या दुकानाला दिली आहे. परवा तिथे चार्जर घ्यायला गेले आणि उगाचच भरून आलं. त्या खोलीत आठवड्यातून एकदा मी समुपदेशनाला बसायचे. पंखा वारा कमी आणि आवाजच जास्त करायचा, तरी ते दिवस फार आवडते होते माझे.

बोदलकशाकडच्या गावातून पंचेचाळिशीची एक बाई यायची. पहिल्यांदा लेकीनेच तिला ओढत आणलं होतं. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि ही म्हणत होती, मांडवात आई म्हणून मोठ्या जावेने बसावं, आपण मागे भांड्यांपाशीच बऱ्या. लेक तिच्याहून हट्टी. आई बसणार नसेल तर मीही बोहल्यावर चढणार नाही, म्हणाली.

मी माझं पुस्तकी हत्यार काढलं. स्वतःबद्दलची एक चांगली गोष्ट सांगा, म्हटलं. बराच विचार करून ती म्हणाली, तिची म्हैस खूप दूध देते. मी कपाळाला हात लावला. म्हैस सोडून सांगा म्हटलं, तर शेळीवर आली. अशा दोन-चार भेटी गेल्यावर एकदा पदर तोंडाशी धरून बोलली.

"मी उकिरड्यावरची आहो मॅडम. मायनं सूपभर कोंडा देऊन इकत घेतलं मले. लहानपणापासून तेच आयकून राहिली."

मला त्या मायचा भयंकर राग आला. पुढच्या वेळी तिलाच घेऊन या, असं सांगितलं आणि चार खडे बोल तयार ठेवले.

म्हातारी आली. बसायच्या आधी तिने लेकीचा पदर सारखा केला. पोरीला असं का सांगत आलात, मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लेकीकडेच वळली.

"तुह्या आंधी दोन लेकरं गेले माहे. मंग तू झाली त सुईणीनं तुले उकिरड्यावर ठेवलं, अन मी कोंडा देऊन घेतलं. मरणाले वाटलं पायजे का हे फेकलेली आहे, हिले नेऊन काय करता. म्हणून कधी चांगली म्हटलं नाही तुले."

"मंग मोठी झाल्यावर तरी काऊन नाही सांगतलं?"

"भेव जाते का?" म्हातारी म्हणाली.

माझे खडे बोल मी गुंडाळून ठेवले. ही रीत मला काही नवी नव्हती, तरी आधी ओळखली नाही. आजोळी असाच विकत घेतलेला माझा एक मामा होता आणि तो मिशीला पीळ देत सगळ्यांना ते सांगायचा. त्याला त्यामागचं कारण कुणीतरी वेळेवर सांगितलं होतं, एवढाच काय तो फरक.

बाई त्या दिवशी खूप रडली. लगेच बदलली वगैरे काही नाही. पण "मी नाही बसत" म्हणणारी, "बसू का मॅडम" असं विचारायला लागली. मी म्हटलं, मला काय विचारता, लेकीला विचारा.

लग्नाला मी आवर्जून गेले. ती मांडवात पुढेच बसली होती, नव्या साडीत, जरा अवघडून. तेवढ्यात म्हातारी गर्दीतून वाट काढत आली. कमरेच्या बटव्यातून काजळाची डबी काढली, लेकीच्या कानामागे बोट टेकवलं आणि चारचौघांत म्हणाली, "काई बरी नाही दिसत व तू."

"हाव मा," ती म्हणाली. हसली, आणि पाठ ताठ करून बसली.