पत्र्याच्या नखाच्या खुणा

माझ्याजवळ एका कॉलेजची जुनी माहितीपुस्तिका आहे. तिच्यावर शाईची एकही खूण नाही. पण पान उजेडात तिरपं धरलं की काही ओळींखाली बारीक चंद्रकोरी दिसतात. त्या माझ्या मित्राने उमटवल्या आहेत. विड्याची पानं खुडताना अंगठ्यात घालतात, त्या पत्र्याच्या नखाने. जड पुस्तकांखाली पुस्तिका दाबून पाहिली, तरी त्या बुजत नाहीत.

आम्ही दोघे निर्मळ गावचे, एकाच वर्षी मॅट्रिक झालो. खाडीपलीकडचं ते आर्ट्स कॉलेज आमच्या हायस्कूलपेक्षा थोडंसंच मोठं होतं. गावाकडच्या मुलांसाठी तिथे फीमाफीच्या, वसतिगृहासह काही जागा होत्या. माझे वडील शाळामास्तर. पुस्तिका त्यांनीच आणली. मित्राच्या वाडीत विहिरीच्या काठावर बसून मी ती मोठ्याने वाचायचो, इंग्रजी अडलं की शब्दकोश उघडायचो. तो वेलींत उभा राहून पानं खुडायचा. टिक्, टिक्.

"तर्कशास्त्र म्हणजे काय रे?"

"चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करायचं शास्त्र."

"मग तुला कशाला हवं? तू बरोबर बोलणाऱ्यालासुद्धा गप्प करतोस. ते मला दे." आणि त्याने येऊन त्या ओळीखाली नख दाबलं.

असंच वादविवाद मंडळाखाली. निसर्गमंडळाच्या डोंगरावरच्या सहलीखाली. ग्रंथालयात काम करून शिकण्याची सोय होती, तिच्याखाली तर दोनदा. "पानं जपायचं काम ना? ते येतं मला," तो म्हणाला.

त्याच्या वडिलांनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती: जागा मिळाली तर जा, नाही मिळाली तर पुन्हा विचारायचं नाही. थोरला भाऊ गिरणीत लागला होता. वेलींना माणूस हवं होतं.

अर्जात नाव, गाव, वडिलांचा धंदा आणि मग जातीचा रकाना होता.

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. बेचाळीस साली आमच्या घरात केळीच्या पानांच्या भाऱ्यात लपवलेली पत्रकं यायची, आणि माझं वाचन अंकलिपीपेक्षा त्यांच्यावरच जास्त झालं. पुढे स्वातंत्र्य आलं तरी माझ्या डोक्यातलं छपाईयंत्र थांबलं नाही. तो रकाना पाहून मी विहिरीच्या काठावर उभाच राहिलो. माणसाने शिकायला जाताना जात सांगायची? देश स्वतंत्र झाला तो याच्यासाठी? हा रकाना आपण दोघांनी कोरा ठेवायचा!

"जागा गेली तर?" त्याने विचारलं.

"गेली तर दोघांची जाईल."

तो हसला. "भाषण चांगलं झालं. टाळ्या कोण वाजवणार, बगळे?" पण त्याने वेलीवरचं एक पान खुडलं, घरातून सुपारी आणली आणि विडा करून विहिरीच्या दगडावर ठेवला. आमच्याकडे पानवेलीवाल्यांनी विडा उचलला की तो शब्द मोडत नाहीत. आम्ही दोघांनी त्यावर हात ठेवला, मग अर्धा अर्धा खाल्ला.

अर्जावर पालकाची सही लागायची. माझा अर्ज वडिलांकडे गेला. त्यांनी टाक शाईत बुडवून सही केली, आणि पाकीट बंद करून टपालात मीच टाकतो म्हणाले. त्याच्या वडिलांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी अंगठा उठवला.

माझी निवड झाल्याचं पत्र आलं. त्याचा अर्ज परत आला. वर लिहिलं होतं, अपूर्ण.

मला ते विचित्र वाटायला हवं होतं. दोन कोरे रकाने, मग एक पूर्ण आणि एक अपूर्ण कसा? पण मी स्वतःलाच समजावलं की माझे गुण चार जास्त होते. निघताना त्याने पुस्तिका माझ्या पिशवीत घातली. "खुणा केल्यात तिथं तिथं जाऊन ये. मला सांग."

मी गेलो. तर्कशास्त्राच्या वर्गात बाकावर माझ्या शेजारची जागा रिकामी असायची. कुणाची पेन्सिल मोडली, कुणी शेंग फोडली, की मला टिक् ऐकू यायचं आणि मी तिकडे वळून बघायचो. वादविवादात मला टाळ्या मिळाल्या. डोंगरावरच्या सहलीत शिक्षक एका रानवेलीचं नाव विचारत होते. त्याने ते झोपेतही सांगितलं असतं. मला आलं नाही.

पावसाळा सरत आला तेव्हा वसतिगृहाच्या कामासाठी कारकुनाने माझा अर्ज काढून समोर ठेवला. जातीचा रकाना भरलेला होता. अक्षर वडिलांचं होतं. ज्या अक्षरात त्यांनी मला पत्रकं उतरवून दिली होती, तेच.

दिवाळीत घरी त्यांना विचारलं. ते मान खाली घालून कंदील पुसत राहिले. "पत्रक भिंतीला लावायचं असतं बाबा," ते म्हणाले, "पोराच्या नशिबाला नाही."

मी चिडायला हवं होतं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी मित्राच्या वाडीत गेलो, पानवेलींत पायताण घालून जात नाहीत म्हणून कडेला चपला काढल्या आणि त्याला एकेक खूण सांगितली. ग्रंथालयाचं कपाट कसं उघडतं, आत कसला वास येतो, सगळं. रकान्याचं मात्र सांगितलं नाही. तो खुडता खुडता ऐकत होता. "अजून सांग," म्हणाला. मग एकदम थांबून, "अजून काही?"

"नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या सत्रात मी कॉलेजच्या वार्षिकासाठी लेख लिहिला. जातीच्या रकान्याविरुद्ध! तो छापून आला, त्याला बक्षीस मिळालं. त्यात एक वाक्य होतं: 'खेड्यातल्या दोन मुलांनी तो रकाना कोरा सोडला, आणि त्यांपैकी एकाने त्याची किंमत मोजली.' हे वाक्य मी एका दमात लिहिलं. त्या वेळेपर्यंत मी ते खरंच मानू लागलो होतो. अंक मी अभिमानाने त्याला पाठवला.

महिन्याभराने माझे वडील भेटायला आले, त्यांच्या हाती त्याने तो परत पाठवला होता. चिठ्ठी नव्हती. मी पानं उजेडात तिरपी धरून चाळली. अख्ख्या लेखात त्या एकाच वाक्याखाली चंद्रकोर होती.

पुढच्या रविवारी गावी गेलो आणि स्टँडवरून तसाच वाडीत शिरलो.

"बूट काढ आधी," तो वेलींतून म्हणाला.

काढले. "तुला कधी कळलं?"

"अर्ज टाकायच्या आधी. मास्तर आले होते इथं. म्हणाले, माझ्या मुलाचा मी भरलाय, तुझाही आण, भरून देतो, कुणाला कळणार नाही. मी नको म्हटलं. अर्धा विडा पोटात होता ना."

"मग माझ्याशी बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो," तो म्हणाला. "दिवाळीत विचारलं पण होतं."

मी म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा भर, मी फीमाफीची सवलत सोडतो, मी वार्षिकात खरं लिहितो. त्याने नख अंगठ्यावर घट्ट बसवलं आणि पुढच्या वेलीकडे वळला. त्याच्या वडिलांनी पुन्हा विचारायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तो शब्द मोडत नसे. मी सवलत सोडली नाही. वार्षिकात काही लिहिलंही नाही. त्याच सवलतीवर बी.ए. झालो.

तेव्हा जे लिहिलं नाही, ते आज लिहिलं. यातला एकही शब्द मी त्याला वाचून दाखवलेला नाही. कागद उद्या निर्मळला पाठवीन. परत येईल तेव्हा पानं एकेक करून उजेडात धरावी लागतील.