धाकट्या जाऊबाई गाडी शिकून आल्या

जिला गाडी चालवता येते, ती बाई पुन्हा गाडी शिकायला विमानात बसून जाते हे ऐकलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग पोटात दुखलं. हसू तेवढ्यापुरतंच होतं. पोटदुखी बरेच दिवस टिकली.

ही बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. पुण्यात राहते. लग्नाच्या वाढदिवसाला दागिना मागायचा सोडून तिनं नवऱ्याकडे, म्हणजे माझ्या दिराकडे, ही गाडीची शाळा मागितली. दक्षिणेत कुठंतरी रेसच्या गाड्यांचा ट्रॅक आहे. तिथे पैसे भरले की तुमच्याआमच्यासारख्यांनाही शिकवतात: वेगात वळण कसं घ्यायचं, ब्रेक कसा मारायचा, गाडी घसरली तर कशी सावरायची. दिवाळीला ती गावी आली ती मोबाइलमध्ये हेल्मेट घातलेले फोटो घेऊनच. सगळं घर त्या फोटोंवर वाकलं. करंज्या कोण तळत होतं हे सांगायला नको.

आता मला एवढं का झोंबावं? तर कुंभार पिंपळगावात गाडी चालवणारी बाई म्हटलं की लोक माझं घर दाखवतात. आमच्या ह्यांना गाडीत बसलं की झोप येते. शेजारी बसले तरी येते आणि चालवायला बसले तरी येते. एकदा त्यांनी गाडी थेट बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या ताडपत्रीपर्यंत नेली, तेव्हा सासऱ्यांनी चावी त्यांच्या खिशातून काढून माझ्या हातात दिली. पारावरची माणसं आधी हसली. मग त्यांच्याच घरच्या बायका मला विचारायला येऊ लागल्या. कुणाला बाळंतपणासाठी अंबडला न्यायचं असे, कुणाला डोळे दाखवायला जालन्याला. मी कुणाला नाही म्हटलं नाही. घरात मला दुसरा कुठला मान नव्हता अशातला भाग नाही, पण हा मान माझा मी कमावलेला होता.

फी ऐकून हे म्हणाले, "तेवढ्यात वावराला तारेचं कुंपण होतंय की!" मला जरा गार वाटलं. तर पुढे म्हणतात, "पर शिकून मात्र बराबर आली."

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांचे भाऊ, आमचे मामा, जालन्याच्या पुढे टेंभुर्णीला असतात. आता त्यांच्यानं प्रवास होत नाही, म्हणून दर भाऊबीजेला आत्याच त्यांच्याकडे जातात, आणि आत्यांना नेते मी. भाऊबीजेच्या सकाळी मी चहा गाळत होते आणि आत्या ओट्यावरून म्हणाल्या, "यंदा धाकलीलाच चालवू दे गाडी. एवढा खर्चा करून आलीय, बघू तर दे."

"चालवू द्या की," मी म्हणाले. गाळणं धुताना त्याची जाळी तुटली.

गाडी आमची जुनी, सात सीटची डिझेल. तिचा दुसरा गिअर कधी रुसतो आणि कसा समजूत घातल्यावर पडतो, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. धाकटीनं बसल्याबसल्या माझी सीट पुढे ओढली, पाठ सरळ केली, आरसे फिरवले. "ताई, तुम्ही किती लांब बसता हो! असं बसलं की ब्रेकवर पूर्ण जोर देता येत नाही." परक्या बाईनं आपल्या स्वयंपाकघरातले डबे इकडचे तिकडे करावेत तसं मला झालं. आत्या नेहमीसारख्या पुढे बसल्या. मी मागे, मांडीवर फराळाचा डबा.

खरं सांगायचं तर अंबड येईपर्यंत मी फक्त तिच्या चुकीची वाट बघत होते. एकदा गाडी बंद पडू दे, एकदा खड्ड्यात आदळू दे, एवढंच मागणं. पण ती खड्डे असे चुकवी की डब्यातला चिवडा वाजत नव्हता. दुसरा गिअरसुद्धा मेला गपगुमान पडत होता. वळण आलं की आधी ब्रेक, मग अलगद वळायचं, आणि बाहेर पडताना पुन्हा वेग. पोटातलं पाणी हलायचं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीही सोय नव्हती. अंगण वाकडंच होतं आणि ती त्यावर नाचत होती.

"कशी पाण्यावानी चालवून राह्यली बघ," आत्या मान मागे वळवून मला म्हणाल्या. मी डब्याचं झाकण घट्ट केलं.

टेंभुर्णीत ओवाळणं झालं, जेवणं झाली. मामांच्या घरीही त्या शाळेचीच गोष्ट निघाली आणि आत्यांनी ती स्वतःच जाऊन आल्यासारखी सांगितली. निघताना मी आधीच पुढे जाऊन बसले. सीट मागे सारली, आरसे होते तिथे आणले. "परतीला मी चालवते," म्हटलं. धाकटी मधल्या सीटवर बसली.

आणि मग मला अवदसा आठवली. तिच्यासारखं वळण घेऊन दाखवायचं माझ्या मनानं घेतलं. त्यात काय मोठं, येताना मी सगळं बघितलंच होतं. टेंभुर्णी मागे पडल्यावर एक चांगलं लांबलचक वळण दिसलं. मी गाडी वेगात नेली, आणि धाकटी बघतेय का म्हणून आरशात पाहिलं.

आमच्याकडे दिवाळीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं असतं. कडेनं दगड मांडलेले असतात आणि गाड्या त्यांना वळसा घालून जातात. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इतक्या वर्षांत मी एका दाण्यावरून चाक नेलं नव्हतं. त्या दिवशी माझे डोळे आरशात होते. पुढे पाहिलं तेव्हा दगड चाकाखाली होता आणि गाडी त्या पिवळ्या दाण्यांवर. मी जीव खाऊन ब्रेक दाबला. चाकं जागच्या जागी थांबली, गाडी थांबेना. मोहरीवर पाय पडावा तशी ती सरकत सरकत कडेच्या खोल चारीकडे, पाण्याच्या नालीकडे, निघाली. स्टेअरिंग फिरवावं तर त्याचा काही उपयोग नाही. आत्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"ब्रेक सोडा!" मागून धाकटीचा आवाज आला. ओरडली नव्हती ती, पण ठणकावून म्हणाली. "ताई, पाय काढा. चारीकडे बघू नका, रस्त्याकडे बघा!"

मी पाय काढला आणि रस्त्याकडे पाहिलं. चाकं फिरली, स्टेअरिंग हाताला आलं आणि गाडी मोकळ्या डांबरावर येऊन उभी राहिली. चारी वीतभरावर येऊन चुकली होती.

शेतातून एक बाई खुरपं घेऊन धावत आली. "आवो बाई, डोळे कुठं गेल्ते तुमचे? पार पीठ केलं की माझ्या सोयाबीनचं!" ती बोलली ते सगळं बरोबर होतं. आम्ही दोघी जावांनी, मी पदर खोचून आणि तिनं ओढणी बांधून, रस्ताभर उडालेले दाणे हातानं गोळा करून दिले. धाकटीची नखं रंगवलेली होती, तरी तिनं माझ्यापेक्षा जास्त गोळा केले. हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

घरापर्यंत गाडी मीच आणली. घरी गेल्यावर धाकटी दिरापाशी हसत हसत सगळं सांगेल म्हणून मी कान देऊन बसले होते. तिनं चकार शब्द काढला नाही. जाईपर्यंत काढला नाही. चुगली केली असती तर मला तिच्यावर मोकळेपणानं चिडता तरी आलं असतं. आता चिडायचं कशावर, तर तिच्या चांगुलपणावर. तेही मी करून बघितलं.

ती गेल्यावर मी मनाशी हिशोब मांडू लागले. भिशी माझ्या नावावर निघायची होती. त्यात आपणही जाऊन यावं का? मग वाटे, कशाला? आपल्या रस्त्यांवर बैलगाडी आणि शेळ्या, तिथे रेसच्या ट्रॅकचं शिक्षण काय कामाचं? लोक म्हणतील, म्हातारचळ लागला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुला काय गरज? तू तर पैल्यापासूनच शिकलेली." हे ऐकायलाच मी विचारलं होतं. तेवढ्यावर मी तो विषय मिटवून टाकला. एका सोयाबीनवरून गाडी घसरली म्हणून कुणी शाळेत जात नाही.

मग आत्यांची डोळे दाखवायची तारीख आली. सकाळी लवकर आवरून मी गाडी बाहेर काढली, काच पुसली, पुढचं दार उघडून ठेवलं. आत्या पिशवी घेऊन बाहेर आल्या. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आपण येष्टीनं जाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी कशाला उगं? डिझेल लई महाग झालंय."

आत्यांनी आजवर डिझेलचा भाव कधी विचारला नव्हता. मी दार लावलं. एसटीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मी अंबडपर्यंत उभी होते.

जालन्याला आत्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर मी बाहेर येऊन धाकटीला फोन लावला. "त्या शाळेचा नंबर दे गं," म्हटलं.

ती म्हणाली, "तुम्हाला कशाला लागतंय ते, ताई? तुम्ही तर इतकी वर्षं चालवताय. आणि फार महाग आहे हो. इतकं काही विशेष नाही तिथे."

दिवाळीभर घरादाराला तिनं त्या शाळेचं कौतुक सांगितलं होतं, आणि आता तिथे विशेष काही नव्हतं. तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. भाऊबीजेला चहा गाळताना मी त्याच आवाजात "चालवू द्या की" म्हणाले होते.

"असू दे महाग," मी म्हणाले. "तू नंबर दे."